‘निम्मं गाव हुतं की!’ : चौदा गावं, चार कारणं आणि सारणीतून निसटलेलं आजोळ

सत्यता सारणीची छापील प्रत तिनं माझ्या टेबलावर ठेवली आणि पेन्सिलीच्या टोकानं एकेक ओळ मोजत खाली आली. दोन, दोन, एक, एक, एक, एक, दोन, एक, एक. “बाराच होतात, मॅडम. आपली गावं चौदा आहेत.” मी म्हटलं, पुन्हा मोज. तिनं ती आधीच तीनदा मोजली होती. प्रत्येक ओळीपुढं कोणतं गाव बसतं ते ती हातानं लिहीत होती आणि शेवटी दोन नावं हातात उरली होती. “त्यातलं एक माझं आजोळ आहे,” ती म्हणाली.

मी साताऱ्यात समाजशास्त्र शिकवते. ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी. गावांची नावं इथे देत नाही, क, ख, ग अशी अक्षरं वापरली आहेत. आकडेही उदाहरण म्हणून वाचता यावेत इतपत सोपे केले आहेत. गणिताची रीत आणि चूक मात्र जशीच्या तशी आहे. चुकीतला निम्मा वाटा माझा होता, म्हणूनच हे लिहायला बसले.

प्रश्न काय होता

माण आणि खटाव हे सातारा जिल्ह्याचे पर्जन्यछायेतले तालुके. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला पाऊस धो धो कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी, म्हसवडकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. 2016 साली पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. त्यानंतर या पट्ट्यात गावोगाव कुदळ-फावडी निघाली. सलग समतल चर खोदले, बांधबंदिस्ती झाली, नाल्यांतला गाळ उपसला गेला. त्या दिवसांवर पुष्कळ लिहून झालंय. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याच्या नंतरचा होता. पाच वर्षांनी त्या चरांचं काय झालं? काही गावांत चर दरवर्षी साफ होतात, फुटलेला बांध कुणीतरी भरतो. काही गावांत चरांत बाभळी उगवल्यात आणि बांधावरून ट्रॅक्टर जातो. असं का?

चौदा गावांत तिनं शिवारफेरी केली, मुलाखती घेतल्या, ग्रामसभांची इतिवृत्तं चाळली. मग माझ्याकडं आली ती सात कारणं घेऊन: श्रमदान, पाण्याचे नियम, बाहेरून आलेली देणगी, गावातला एकोपा, सरपंच महिला आहे की नाही, जमिनीचा उतार, तालुक्याच्या गावापासूनचं अंतर.

संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्यानं प्रतिगमन (रिग्रेशन, प्रत्येक कारणाचा वेगळा परिणाम आकड्यात काढायची रीत) करून बघा म्हणून सुचवलं होतं. चौदा गावं आणि सात चलं घेऊन प्रतिगमन केलं तर उत्तर येतं, पण त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. शिवाय प्रतिगमन विचारतं की इतर सगळं सारखं असताना श्रमदानाचा स्वतःचा परिणाम किती. गावात इतर सगळं सारखं कधी असतं? श्रमदान एका गावात नियमाच्या जोडीनं येतं, दुसऱ्यात देणगीच्या, आणि तेच श्रमदान दोन्हीकडं वेगळं वागतं. तिच्या वहीत सगळीकडं जुळण्याच लिहिलेल्या होत्या: ‘इथे लोक राबले, पण नियम नाही, म्हणून गेलं.’ ‘इथे लोक कमी होते, पण पैसा आला आणि गाव एक होतं.’

अशा जुळण्यांचा हिशेब ठेवणारी पद्धत म्हणजे गुणात्मक तुलनात्मक विश्लेषण, लोकांच्या तोंडी क्यूसीए. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स रॅगिन यांनी ती 1987 साली मांडली. तिचा गाभा बूलचं बीजगणित. प्रत्येक प्रकरण, म्हणजे आमच्याकडं प्रत्येक गाव, हे कारणांच्या ‘आहे-नाही’ची एक जुळणी समजायचं. सगळ्या शक्य जुळण्यांची सारणी मांडायची, हीच सत्यता सारणी, आणि ज्या जुळण्यांत परिणाम दिसतो त्यांचं सूत्र आटवत आणायचं. आटवण्याची रीत क्वाइन आणि मॅक्लस्की यांची, 1950 च्या दशकातली. एक तर्कशास्त्रज्ञ आणि दुसरा विद्युत अभियंता. सर्किटमधली अनावश्यक बटणं काढून टाकण्यासाठी जी रीत वापरतात, तीच इथे गावातली अनावश्यक कारणं काढते. पुढं 2000 च्या सुमारास रॅगिन यांनी त्यात फझी सेट आणले. त्यामुळं ‘आहे’ आणि ‘नाही’च्या मधलं ‘थोडंफार आहे’ही 0 ते 1 मधल्या आकड्यानं लिहिता येऊ लागलं.

सात कारणांवर मी पहिल्याच दिवशी कात्री चालवली. दोन कारणांच्या चार जुळण्या होतात, तिनाच्या आठ, आणि सातांच्या 128. गावं चौदा. म्हणजे किमान 114 ओळी रिकाम्या, आणि तिथं सॉफ्टवेअर जे काही सांगेल ते गावांबद्दल नसून रिकाम्या जागेबद्दल असेल. ती दोन दिवस नाराज होती. शेवटी चार कारणं राहिली: श्रमदान, नियम, देणगी, एकोपा. सोळा ओळी.

कारणांची फोड

नियम म्हणजे ग्रामसभेत ठरलेला आणि पाळला जाणारा पाण्याचा नियम: नवीन बोअर नाही, ठिबकशिवाय ऊस नाही, पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद वाचायचा. देणगीला या भागात वेगळा रंग आहे. माण-खटावचे लोक मुंबईत माथाडी म्हणून गेले, आणि आटपाडी-विट्याकडचे तसे इकडचेही अनेकजण सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरले. जत्रेला परतणारा गलाईवाला मंदिराला देतो तसं अलीकडं जेसीबीच्या डिझेललाही देतो. एकोप्याचं मोजमाप सगळ्यात अवघड. दोन गट एकमेकांच्या बांधाला हात लावतात की नाही, इतकाच निकष शेवटी धरला.

नियम, देणगी आणि एकोपा यांना आम्ही दोघींनी स्वतंत्रपणे 0 ते 1 मध्ये गुण दिले, मग वाद घालून एक केले. यात 0.5 कुठंही द्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं. कारण 0.5 म्हणजे ‘संचात आहे की नाही, सांगता येत नाही’. हे आम्हाला माहीत होतं, हे पुन्हा सांगते.

श्रमदानाचं मात्र वेगळं. त्याचा सरळ आकडा होता, किती टक्के घरांतून माणूस कामावर आला. आकडा हातात असला की सॉफ्टवेअरकडून कॅलिब्रेशन, म्हणजे कच्च्या आकड्याचं 0 ते 1 मधल्या गुणात रूपांतर, करून घेता येतं. आपण तीन खुणा सांगायच्या, बाकीचं ते करतं. आम्ही सांगितलं की 80 टक्क्यांच्या वर म्हणजे गाव श्रमदानाच्या संचात जवळपास पूर्ण आत, 20 च्या खाली जवळपास पूर्ण बाहेर, आणि 50 हा उंबरठा. निम्म्याहून जास्त घरं आली तर गाव आत, कमी आली तर बाहेर. कुणालाही पटेल अशी खूण. पुढचा घोळ या खुणेनंच केला.

पहिली फेरी

सॉफ्टवेअर वापरलं ते एफएसक्यूसीए. रॅगिन आणि शॉन डेव्ही यांचं, फुकट मिळणारं, खिडक्या आणि बटणांचं. रॅगिन यांच्या पद्धतीसाठी पहिला प्रोग्रॅम क्रिस ड्रास यांनी डॉसच्या काळात लिहिला होता, त्याचाच हा वंशज. सीएसव्ही फाइल उघडायची, रकान्यांना मध्ये जागा न सोडता साधी रोमन नावं द्यायची, आणि कॅलिब्रेटच्या चौकटीत 80, 50, 20 या क्रमानं खुणा टाकायच्या. आधी आतली, मग उंबरठा, मग बाहेरची. हा क्रम उलटा टाकणारे मी पाहिलेत. त्यांचं श्रमदान मग आळस मोजायला लागतं.

सत्यता सारणी निघाली. सोळापैकी नऊ ओळींत गावं, सात रिकाम्या. ओळींत गावं थोडीच होती, म्हणून किमान एक गाव असलेली प्रत्येक ओळ ठेवली आणि सुसंगतीची रेघ 0.8 वर मारली. सुसंगती म्हणजे या जुळणीची गावं खरंच टिकाव धरलेल्या गावांत मोडतात का, याचं माप. सभासदत्व म्हणजे गाव त्यात किती बसतं याचा 0 ते 1 मधला आकडा, ओळीसाठी चार कारणांच्या आकड्यांतला सगळ्यात लहान. प्रत्येक गावाचं त्या ओळीतलं सभासदत्व आणि टिकावातलं सभासदत्व यांत जे लहान ते घ्यायचं, सगळ्या गावांची बेरीज करायची आणि ओळीतल्या एकूण सभासदत्वानं भागायचं.

श्रमदान आणि नियम दोन्ही असलेल्या चारही ओळी वर आल्या. श्रमदान नाही, पण बाकी तिन्ही आहेत अशी एक ओळ वर आली, त्यात ज हे गाव. आणि एक ओळ सगळ्यांना चकित करणारी: श्रमदान नाही, नियम नाही, फक्त देणगी आणि एकोपा. त्यात एकच गाव, झ. सुसंगती 0.86. तिनं विचारलं, “मॅडम, ही घेऊ?” मी पडद्याकडं बघून म्हटलं, “0.8 च्या वर आहे ना? पुढं जा.” हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

पुढं गेल्यावर एक खिडकी उघडली. तिच्यात तीन पर्याय होते आणि त्यातला निवडा म्हणून सॉफ्टवेअर थांबलं होतं. ही प्राइम इम्प्लिकंटची, म्हणजे आणखी आटवता न येणाऱ्या सूत्राच्या तुकड्यांची खिडकी. कमीत कमी शब्दांत सूत्र लिहायचं झालं तर झची ओळ तीन वेगळ्या रीतींनी झाकता येत होती: देणगी आणि एकोपा; देणगी आहे पण श्रमदान नाही; किंवा एकोपा आहे पण श्रमदान नाही. तिन्ही गणिताला सारख्या. निवड माणसानं करायची. तिनं पहिल्यावर टिचकी मारली, कारण ते वाचायला बरं होतं. तर्कानंही ते चुकीचं नव्हतं, श्रमदान नसल्यामुळं काम टिकतं असं कोण म्हणेल? पण अशी खिडकी उघडते तेव्हा ते सॉफ्टवेअरचं म्हणणं असतं की तुमच्या माहितीत हा प्रश्न मिटत नाही. आम्ही ते ऐकलं नाही.

मधलं सूत्र, म्हणजे रिकाम्या ओळींबद्दल तर्काला पटेल तेवढंच धरणारं, आलं: श्रमदान × नियम, किंवा देणगी × एकोपा (× म्हणजे दोन्ही एकत्र). दुसऱ्या वाटेची सुसंगती 0.91. लिहायला किती छान! राबणाऱ्यांची वाट आणि देणाऱ्यांची वाट. तिनं अर्धा शोधनिबंध त्याच रात्री लिहिला. नियमाशिवायही गाव टिकतं, पैसा आणि एकी असली की झालं, असं त्यात सरळ विधान होतं. मी समासात ‘उत्तम’ लिहिलं.

आणि मग तिला आजोळ सापडेना.

कुठं गेलं ते गाव

एक तास आम्ही फाइल धुंडाळत होतो. गाव फाइलीत होतं. चौदाही ओळी होत्या. कॅलिब्रेट केलेल्या श्रमदानाच्या रकान्यावर बोट ठेवून ती खाली आली आणि त वर, म्हणजे आजोळावर, थांबली. 0.5. दोन ओळी खाली थ, तिथंही 0.5.

सत्यता सारणीत गावाची मोजणी होते ती ज्या ओळीत त्याचं सभासदत्व 0.5 हून जास्त असेल तिथं. चौदा गावांना एकेक घर मिळतं, अट इतकीच की कोणत्याही कारणात गाव नेमकं उंबरठ्यावर उभं नसावं. श्रमदान 0.5 म्हणजे ‘श्रमदान नाही’ सुद्धा 0.5. मग ते गाव कुठल्याच ओळीत 0.5 च्या वर जात नाही. त्याला घर नाही. एफएसक्यूसीए त्याबद्दल ओरडत नाही, फक्त संख्येच्या रकान्यात ते गाव दिसत नाही. बेरीज करणाऱ्यालाच कळतं.

पण गाव पुरतं गेलेलंही नव्हतं, आणि ही गोष्ट मला उशिरा उमगली. सुसंगतीच्या भागाकारात सगळी गावं येतात, घर नसलेलीही. त मध्ये देणगी 0.7, एकोपा 0.8, नियम जवळपास नाहीच, आणि टिकाव 0.2, म्हणजे काम गेलेलं. झच्या ओळीत त्याचं सभासदत्व 0.5 धरलं गेलं, कारण चारांत सगळ्यात लहान आकडा तोच. हिशेब असा होता: झचे 0.7, त कडून 0.2, बाकी बारा गावांचे किरकोळ मिळून 0.9, बेरीज 1.8. भागिले 0.7, 0.5 आणि 0.9 म्हणजे 2.1. उत्तर 0.86. त त्या ओळीला खाली ओढत होतं, पण निम्म्या जोरानं. शेजारचा पीआरआयचा स्तंभ तेव्हाच 0.65 दाखवत होता. तो स्तंभ सांगतो की ही जुळणी ‘टिकलं’ आणि ‘टिकलं नाही’ या दोन्हींच्या बाजूनं साक्ष देते आहे का. 0.86 च्या शेजारी 0.65 बसलाय म्हणजे काहीतरी गडबड आहे. आम्ही फक्त डावीकडचा आकडा वाचला.

आता 0.5 आला कुठून? कच्च्या माहितीत दोन्ही गावांपुढं 50 लिहिलेलं. मी विचारलं, नेमकं 50? पैकी किती घरं? ती गप्प झाली. मग मुलाखतीची वही काढली. माजी सरपंचांचं उत्तर तिनं बोलीतच उतरवलं होतं: “निम्मं गाव हुतं की, ताई!” दुसऱ्या गावातही शब्द जवळपास तेच. बाकी बारा गावांत तिनं हजेरीची वही मागून घेतली होती. या दोन गावांत वही लगेच मिळाली नाही, म्हणून ‘निम्मं’चं 50 केलं. आणि आजोळी तर तिनं जरा कमीच विचारलं होतं. आपलं गाव आपल्याला माहीत असतं ना.

निम्मं या शब्दात कुणी टक्के मोजत नाही. ‘निम्मं गाव लग्नाला होतं’ म्हणजे मांडव भरला होता, इतकंच. पण आम्ही उंबरठाही निम्म्यावरच ठेवला होता, आणि बोलीतला तो सैल शब्द सॉफ्टवेअरच्या सगळ्यात काटेकोर आकड्यावर जाऊन बसला.

या पेचावर एक सोपा उतारा फिरत असतो. सगळ्या 0.5 मध्ये 0.001 मिळवा, गावं उंबरठ्याच्या आत ढकलली जातात आणि सारणीत दिसायला लागतात. नंतर आम्ही ते करून पाहिलं. मोजणी चौदा झाली खरी, पण त ‘श्रमदान आहे, नियम नाही, देणगी-एकोपा आहे’ या आधी रिकाम्या असलेल्या ओळीत जाऊन बसलं. म्हणजे गावाला आम्ही न पाहिलेलं श्रमदान बहाल केलं. शेकडो प्रकरणं असतील तेव्हा हे चालत असेलही. चौदा गावांत, जिथं एका एसटीनं जाऊन विचारता येतं, तिथं नाही.

पुन्हा शिवारात

कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडीची गाडी, तिथून मामांची मोटारसायकल. मी तेव्हा बरोबर नव्हते. तिनं नंतर सांगितलं त्यावरून लिहिते. माजी सरपंचांना ती म्हणाली, “नाना, त्या वेळची हजेरी कुठं ठेवलीय का कुणी?” नानांनी ग्रामपंचायतीच्या शिपायाला हाक मारली. दोनशे पानी वही निघाली, पुठ्ठ्याला चहाचे गोल डाग, आत तारखेवार सह्या आणि अंगठे. तिनं वहीतल्या नावांवरून घरं लावली. 240 घरांपैकी 91. अडतीस टक्के.

“नाना, तुम्ही निम्मं म्हणाला होता.”

“निम्मंच की. गावठाण समदं आलं हुतं. वस्त्यावरचं न्हाई आलं, पर वस्त्या का गावात हायत्या?”

नाना खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी गाव म्हणजे गावठाण. शिवारात विखुरलेल्या वस्त्या घरपट्टी भरतात, मत देतात, पण ‘गाव’ म्हटलं की त्या मोजायच्या राहतात. आणि चर होते ते वस्त्यांच्या वरच्या डोंगरउतारावर. म्हणजे ज्यांच्या रानाच्या डोक्यावर चर, ते कामावर आलेच नव्हते. पाच वर्षांत बाभळी का उगवल्या, याचं उत्तर तिला तिथंच मिळालं, सॉफ्टवेअर चालू करायच्या आधी.

थ मध्ये उलट निघालं. 180 घरांपैकी 106, एकोणसाठ टक्के. तिथल्या सरपंचांनी नम्रपणे कमी सांगितलं होतं.

दुसरी फेरी, दोन सॉफ्टवेअर

आकडे बदलले. 38 हा उंबरठ्याच्या 12 खाली. उंबरठा ते खालची खूण 30. बाराला तिसानं भागून तिनानं गुणलं की उणे 1.2, हा लॉग-ऑड्स, म्हणजे ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्या प्रमाणाचा लॉगॅरिदम. त्यातून सभासदत्व निघतं 0.23. तसंच 59 चं 0.71. आता त चं ‘श्रमदान नाही’ 0.77 झालं, झच्या ओळीतलं त्याचं सभासदत्व 0.5 वरून 0.7 वर गेलं, कारण आता सगळ्यात लहान आकडा देणगीचा. वरची बेरीज तीच 1.8. खालची झाली 2.3. सुसंगती 0.78, पीआरआय 0.52. ओळ रेघेच्या खाली गेली. थ जाऊन बसलं श्रमदान आणि नियम असलेल्या एका ओळीत, तिथं काम टिकलेलंच होतं, काही बिघडलं नाही.

नवं सूत्र: श्रमदान × नियम, किंवा नियम × देणगी × एकोपा. निवडीची खिडकी या वेळी उघडलीच नाही. दोन्ही वाटांत नियम. टिकलेल्या नऊ गावांपैकी आठांत नियम आहे आणि न टिकलेल्या पाचांपैकी एकातही नाही. पैसा आणि एकी पुरेत, हे आमचं देखणं विधान एका वहीतल्या 91 नावांनी पाडलं.

सगळ्यात आखूड सूत्र विचारलं तर सॉफ्टवेअर एकच शब्द देतं: नियम. तिला तेच शीर्षक करायचं होतं. मी थांबवलं. ते आखूड होतं ते तीन रिकाम्या ओळींच्या जोरावर. नियम आहे, श्रमदान नाही, आणि देणगी-एकोपा ही जोडीही पुरी नाही, अशा गावांत काम टिकेल असं त्यात परस्पर धरलेलं असतं. असं गाव आमच्याकडं एकही नाही. ग्रामसभेच्या वहीत ठराव आणि गावात हालचाल शून्य, अशी गावं मला स्वतःला माहीत आहेत, या चौदांत ती नाहीत इतकंच. म्हणून मधलं सूत्रच ठेवलं.

एकदा हात पोळल्यावर तिनं तीच फाइल आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतही चालवली. तिथलं क्यूसीए नावाचं पॅकेज बुखारेस्टच्या अड्रियन दुशा यांचं. जुनी, 0.5 असलेली फाइल मुद्दाम घातली तर ते सारणी काढतानाच इशारा देतं की कारणांच्या रकान्यांत 0.5 नको. हा इशारा पहिल्या दिवशी मिळाला असता तर दोन महिने वाचले असते. शिवाय आर मध्ये प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये लिहिलेली राहते. खिडकीत कोणत्या पर्यायावर टिचकी मारली होती, हे सहा महिन्यांनी कुणाला आठवतं? तरी मी नव्या विद्यार्थ्याला आधी एफएसक्यूसीएच देते. कोड लिहायची धास्ती घेतलेल्या मुलामुलींना सारणी डोळ्यांनी दिसते, ओळींवर बोट ठेवता येतं. कारणांना दोनाहून जास्त पायऱ्या असतील, फझी नको असेल, तर लासे क्रॉन्क्विस्ट यांचं टॉस्माना आहे. आमच्या प्रश्नाला त्याची गरज पडली नाही.

आता आमच्याकडं एक घरगुती नियम आहे: सारणी निघाली की संख्येच्या रकान्याची बेरीज पेन्सिलीनं करायची आणि प्रत्येक ओळीपुढं गावाचं नाव हातानं लिहायचं. मग एक्सवाय आलेख (आडव्या अक्षावर सूत्र, उभ्यावर टिकाव) काढून उजवा खालचा कोपरा बघायचा, म्हणजे सूत्र म्हणतं ‘टिकायला हवं’ आणि गाव म्हणतं ‘टिकलं नाही’. पहिल्या फेरीत आम्ही हा आलेख काढला असता तर देणगी × एकोपाच्या आलेखात त त्या कोपऱ्यात एकटं बसलेलं दिसलं असतं, 0.91 च्या सुसंगतीआड लपलेलं.

झ

राहिलं झ. श्रमदान नाही, नियम नाही, तरी टिकाव 0.8. त्याची ओळ आता कुठल्याच बाजूला जात नाही. ‘काम टिकलं नाही’ हा परिणाम घेऊन वेगळं विश्लेषण केलं, कारण या पद्धतीत होकाराचं सूत्र उलटं करून नकाराचं मिळत नाही, तर तिथंही ही ओळ रेघेखालीच राहते. एक गाव हो म्हणतं आणि एक नाही, दोघांची कागदावरची जुळणी सारखी.

अशा वेळी रेघ 0.75 वर आणण्याचा मोह होतो. परीक्षकाला ते कळणारही नाही. पण त्याऐवजी दोन्ही गावांत काय वेगळं आहे ते बघायला ती झला गेली. चर स्वच्छ होते, गाळ काढलेला होता, बांधाला नवं पिचिंग. कुणी केलं? गावातले एक गलाईवाले कोईमतूरला असतात. दर मे महिन्यात ते घरी येतात, जेसीबी लावतात, आठ दिवस स्वतः बांधावर उभे राहतात आणि परत जातात. त मध्ये देणगी एकदाच आली होती, कामाच्या वर्षी, धनादेशानं. आम्ही दोन्हींना देणगीच्या रकान्यात सारखेच गुण दिले होते.

“नियम का नाही केला, आप्पा?” तिनं तिथल्या एका म्हाताऱ्यांना विचारलं.

“कशाला? शेठ येत्यात की.”

देणगीचा रकाना फोडून ‘एकदा आलेली’ आणि ‘दरवर्षी येणारी’ असे दोन करावेत का, यावर आम्ही आठवडाभर बोललो. केले तर पाच कारणं, बत्तीस ओळी, आणि एका गावासाठी सगळी सारणी पातळ. नाही केले. त्याऐवजी प्रबंधात झसाठी स्वतंत्र पाच पानं राखली आहेत आणि ती ओळ सारणीत विसंगत म्हणून जशी आहे तशी छापणार आहोत. शेठ आता सत्तरीला आलेत. येत्या मे महिन्यात जेसीबी लागतो का, हे बघायला ती पुन्हा जाणार आहे.